एकतीस नंबरची जीभ

चमचा तिने पुन्हा उलटाच धरला होता. गोल भाग बोटांच्या चिमटीत आणि चपटा दांडा चहात— हे ध्यानात आलं तोवर दांड्याच्या टोकावरून एक थेंब टेबलावरच्या कागदावर पडून पसरलाही होता, आणि मग ती त्या थेंबाकडेच बघत राहिली. ओला होता तोवर सगळीकडे सारखा. वाळायला लागला तसा रंग कडेला सरकला, मध्ये एक फिकट जागा उरली...

चमचा आईचा. तिच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला असायचा. आईने लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून एकोणतीस वर्षं काढली. तिथे जीभ दाबायला लाकडी पट्ट्या मिळत, पण वॉर्डाबाहेरची मुलं— शेजारची, नात्यातली, जिन्यात भेटलेली, कुणाची कोण कोण जाणे— त्यांच्यासाठी हा चमचा. आधी दांडा तळहातावर चोळून गरम करायची, मग अंगठा मुलाच्या हनुवटीवर टेकवून किंचित खाली दाबायची. आ कर. अजून. आत चिमणी बसलीय का बघू दे. मूल चिमणीच्या विचारात असायचं तोवर आईचं बघून झालेलं असायचं. त्या अंगठ्याचा दाब तिच्या स्वतःच्या हनुवटीवर अजून आहे. आईला जाऊन चार महिने झाले. हनुवटीला कुणी ते सांगितलेलं नसावं.

"ते जिभांचं पोतं आज रिकामं कर गं," आतल्या खोलीतून काका म्हणाले. "सोमवारी नव्या शाळेचे फोटो येतील, ठेवायला जागा नाही."

"करते काका."

काका म्हणजे स्टुडिओचे मालक. नात्याने कुणी नव्हेत, पण अकरा वर्षं ती त्यांना काकाच म्हणत आली आहे. शाळाशाळांतून मुलांचे फोटो काढायचे, ओळखपत्रासाठी एक आणि घरच्यांसाठी एक मोठा, हा त्यांचा धंदा. काढायचं काम काकांचं, रंग सुधारायचं तिचं. आणि काकांची एक पद्धत होती, त्या पद्धतीवर त्यांचा फार जीव होता. मूल स्टुलावर बसलं की हातात नंबराचं कार्ड द्यायचं आणि म्हणायचं, "जीभ काढ बघू, किती लांब निघते?" मूल आधी बिचकायचं, मग सबंध जीभ बाहेर काढायचं, आणि त्या क्षणी पहिला फोटो. मग कार्ड काढून घ्यायचं, मूल अजून स्वतःशीच हसत असायचं, तेवढ्यात दुसरा. 'जीभ बाहेर आली की खोटं हसू आत जातं,' काका म्हणत, आणि ते खरंही होतं. त्यांच्या फोटोंतली मुलं कधी लग्नाच्या पंक्तीतल्या पाहुण्यांसारखी अवघडलेली दिसायची नाहीत. पहिल्या फोटोवरून फक्त नंबर उतरवून घ्यायचा, मग तो टाकून द्यायचा. ती ते सगळे संगणकावरच्या 'जिभा' नावाच्या एका कप्प्यात ढकलायची आणि महिन्याकाठी एकदम पुसायची, न बघता. अकरा वर्षांत किती जिभा पुसल्या असतील... गावभराच्या.

आजही न बघताच पुसल्या असत्या. पण काल कसलं तरी बारीक काम करताना तिने चित्रं मोठी करून ठेवली होती, आणि कप्पा उघडला तो मोठ्याच चित्रांनी. पडदाभर जिभा. गुलाबी, फिकट, लांब, वाकड्या, एक गोळ्या चघळून निळी झालेली, एक मुळीच बाहेर न आलेली, नुसते घट्ट मिटलेले ओठ आणि डोळ्यांत राग. तिला हसू आलं. या बयेचं पुढे काही अडणार नाही. तिने खाली सरकवलं, अजून खाली... आणि हात थांबला.

तिसरीचा दुसरा वर्ग, एकतीस नंबर.

मुलीने कार्ड छातीशी दोन्ही हातांनी धरलं होतं. जीभ अगदी आज्ञाधारकपणे बाहेर, हनुवटीपर्यंत. जिभेवर पांढरा थर, साय धरल्यासारखा, आणि त्या सायीतून वर आलेले लाल लाल ठिपके. टोक आणि कडा नुसत्याच लाल. तिने मोठं केलं. घसा फारसा दिसत नव्हता. जेवढा दिसत होता तेवढा फार लाल होता. गालही लाल, जणू कुणी दोन्हीकडून चापट्या मारल्या आहेत. आणि ओठांभोवती, नाकाच्या खालपासून हनुवटीपर्यंत, फिकट, जवळजवळ पांढरं वर्तुळ. मुलीने तोंड पिठात बुडवून वर काढावं तसं. डोळे चमकत होते. ती चमक आनंदाची नव्हती.

काकाच मागे म्हणाले होते— फोटोच्या दिवशी कुणी आई मूल घरी ठेवत नाही. ताप उतरायची गोळी देतात आणि वेणी घालून पाठवतात.

चहा गार झाला होता. तिने तो तसाच प्यायला.

जिभेवर कुठे तरी बोट ठेवून आई सांगते आहे असं वाटलं. आई घरी फार बोलायची नाही. दमून आलेली असायची. पण भाजी निवडताना कधी कधी सुरुवात व्हायची, मध्येच, काही संदर्भ नसताना. नाकपुडीशी मधासारखी खपली दिसली तर ते एक, गळ्याखाली दोन्हीकडे सूज असली तर ते दुसरं, आणि घशात राखाडी साय दिसली तर बोलत बसायचं नाही, उचलायचं आणि पळायचं. आणि हे— गाल लाल, तोंडाभोवती पांढरं, जीभ आधी पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची आणि मग चारपाच दिवसांनी साल निघून लालभडक, स्ट्रॉबेरीसारखी. अंगावर हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. जंतू घशात असतात, पण ते घशात गप्प बसले तर ना. ताप जातो, पुरळ जातं, बोटांची सालं निघतात, मूल खेळायला लागतं, घरचे म्हणतात झालं बरं. 'घसा आठवड्यात बरा होतो गं. हृदयाची झडप धरली की जन्मभर.' एकदा आई बोटांवर मोजत म्हणाली होती, नऊ दिवस. नऊ दिवसांत औषध पोटात गेलं तर झडपा बहुतेक वाचतात. 'आणि नंतर?' तिने विचारलं होतं. 'नंतरही दाखवायचंच. फक्त मग छातीला कान लावताना डॉक्टरचा चेहरा बघवत नाही.'

फोटो गेल्या गुरुवारचा. आज शुक्रवार. ताप गुरुवारीच आला असं धरलं तर आज नववा दिवस. बुधवारी आला असेल तर... तिने ते मोजणं सोडून दिलं आणि लगेच पुन्हा मोजलं.

मग तिला आठवलं की हा चेहरा आपण पाहिला आहे.

काल. तिने 'झालेले' नावाचा कप्पा उघडला. एकतीस नंबर, दुसरा फोटो: नीट भांग, ओठ मिटलेले, छान हसरी मुलगी. गाल गुलाबीसर, हनुवटीचा रंग गालांशी जुळता, चेहरा सगळीकडे सारखा. काकांचे जुने दिवे सगळ्या फोटोंवर लाल छटा मारतात; ती पहिल्या मुलावर रंग बसवते आणि तोच सगळ्या वर्गाला लावते. ही एकटी त्यानंतरही लाल राहिली होती. म्हणून तिने हाताने, बारीक ब्रश घेऊन, गालांवरचा लाल उतरवला होता, आणि तोंडाभोवती थोडा रंग भरला होता. अर्धा तास लागला होता. पांढरं वर्तुळ हट्टी होतं. भरलं तरी कडा दिसत होती, मग तिने कडाही मुरवली. काम झाल्यावर लांबून बघितलं होतं आणि स्वतःशी म्हणाली होती, जमलं.

"काका, जरा इकडे येता?"

काका चष्मा कपाळावर सरकवत आले, तिच्या खांद्यावरून वाकले. "अगं बाई. केवढी जीभ."

"गाल बघा. आणि तोंडाभोवती."

त्यांनी बघितलं. नीट बघितलं; तेवढा मान ते कुठल्याही फोटोला देत. "लाल आहे. माझे दिवे लाल आहेत, तुला ठाऊक आहे."

"बाकीची एवढी लाल नाहीत."

"खिडकीकडच्या बाजूला बसली असेल, किंवा पळून आली असेल मैदानातून. जिभेला काय, आइसक्रीम खाल्लं असेल." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "फोटोवरून रोग सांगायला लागलो आपण, तर गिऱ्हाईक टिकेल का गं? दिव्यामुळेच आहे ते. दिव्यामुळे दिसतं तसं."

ती 'हो' म्हणणार होती. ओठांवर आलं होतं— हो, दिव्यामुळेच— आणि ते वाक्य तिला आपल्याच आवाजात, आधीच कधी तरी बोललेलं ऐकू आलं.

सात महिन्यांपूर्वी. आईला पेन्शनच्या कागदांसाठी फोटो हवा होता. घरीच काढला, स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून. पडद्यावर घेतला तर सगळा पिवळट: भिंत पिवळी, आईचं कपाळ पिवळं, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. स्वयंपाकघरात तो जुना पिवळा बल्ब होता. तिने भिंत पांढरी करून घेतली, आणि भिंत पांढरी झाली तरी डोळे पिवळेच राहिले, तेव्हा ब्रश घेतला. दोन मिनिटांचं काम. आईला प्रिंट आणून दिली तर आईने ती उजेडात धरली. खूप वेळ धरली. मग म्हणाली, "आधी पिवळा आला होता का गं?"

"थोडा. साफ केला मी."

"बल्बमुळेच ना?"

"हो, बल्बमुळेच."

आईने मान हलवली. ती मान... चार महिने ती त्या मानेपाशी येऊन परत फिरते आहे. कारण ती मान आईची नव्हतीच. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांची होती ती, ज्यांना डॉक्टर सांगून जातात काही काळजी करू नका, आणि ज्या ते ऐकायलाच बसलेल्या असतात. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा पापणी खाली ओढून बघणारी बाई— रोज सकाळी आरशासमोर केस विंचरत होती. तिला माहीत होतं? माहीत असून तिने मला विचारलं? आणि मी काय सांगायला हवं होतं, मला काय ठाऊक, मी रंग करणारी... डॉक्टर पुढे म्हणाले होते, आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. 'फार' हा शब्द त्यांनी हळू उच्चारला होता.

"काका," ती म्हणाली, "मी शाळेत फोन करते."

आत जाताना काकांनी तिचा रिकामा कप उचलून नेला. एरवी नेत नसत.

शाळेच्या कारकून बाईंनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "स्टुडिओ ना? बाई, तुमचीच वाट बघतोय आम्ही. पालक रोज येऊन डोकं खातात. कधी मिळणार?"

"सोमवारी. पण मला एका मुलीबद्दल विचारायचं होतं. तिसरीचा दुसरा वर्ग, एकतीस नंबर."

"का, डोळे मिटले का फोटोत?"

"नाही, फोटो चांगला आलाय. ती मध्ये आजारी होती का हो?"

पानं उलटल्याचा आवाज. "गेला शुक्रवार, शनिवार गैरहजर. सोमवारपासून आहे. आत्ता माझ्या खिडकीसमोरच दोरीवरच्या उड्या मारतेय की. ठणठणीत आहे."

उड्या. तिला ती दोरी दिसली, जमिनीवर आपटणारी, आणि दर उडीला छातीत उघडझाप करणारं ते लहानसं काही तरी. "तिच्या बोटांची सालं निघतायत का?"

पलीकडे फळीवर घड्याळ असावं, ते ऐकू आलं.

"तुम्हाला कसं कळलं? कालच बाई ओरडल्या तिला, तासाला सालं सोलत बसते म्हणून. पण फोटोत हात कुठे येतात?"

"हात नाही. जीभ आलीय."

"जीभ," कारकून बाई म्हणाल्या, आणि मग जरा सावरून, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी फोटोंचे रंग करते." एवढ्याने काही होत नाही हे कळून ती पुढे म्हणाली, "आई नर्स होती माझी. मुलांच्या वॉर्डात." होती हा शब्द अजून दरवेळी दाताखाली येतो, भातातल्या खड्यासारखा. "तिला डॉक्टरांना दाखवलं होतं का, औषध दिलं होतं का, तेवढंच कळायला हवं. आज कळायला हवं."

"ते मला कसं कळणार, बाई? आणि पालकांचा नंबर मला देता येत नाही. वर्गाच्या बाई आज दुपारीच घरी गेल्या. सोमवारी सांगते त्यांना, चिठ्ठी लिहून ठेवते." मग काय वाटलं कुणास ठाऊक, आवाज उतरला. "आई येते तिची न्यायला. साडेचारला, फाटकावर. तुम्हीच का नाही येऊन सांगत? पण जपून हं. मागे मी एकीला म्हटलं, मुलाच्या डोक्यात उवा झाल्यात, तर चार दिवस भांडत होती माझ्याशी. जीभ म्हणजे तर..."

जीभ म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही.

तिने दोन प्रिंट काढल्या. एक जिभेची, एक दुसऱ्या फोटोची— न सुधारलेली, जशी आली तशी. लाल गाल आणि पांढरं वर्तुळ कागदावर ओलं ओलं बाहेर आलं तेव्हा ते तिला पडद्यावर होतं त्याहून वाईट वाटलं. पाकिटात घालताना तिने त्या प्रिंट उलट्या घातल्या. चमचा टेबलावर होता. तो तिथेच ठेवून ती निघाली, वळणापर्यंत गेली आणि परत येऊन तोही पर्समध्ये टाकला. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

शाळा वीस मिनिटांवर. ऊन भिंतींवरून उतरायला लागलं होतं. चालताना ती वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य तिला वेड्या बाईचं वाटत होतं. तुमची मुलगी एकतीस नंबर का? मी तुमच्या मुलीच्या तोंडाला रंग लावला... आणि आई, मधूनच, बसथांब्यावर. आपण तेव्हा तेरा वर्षांच्या. समोर बापाच्या कडेवर एक पोर, आणि आई सरळ त्याच्यापाशी जाऊन अंगठा हनुवटीला लावते आहे. बाप पोर मागे ओढतो, तुमचा काय संबंध? आई म्हणते, संबंध काही नाही, घसा सुजलाय त्याचा, आज दाखवा. लोक बघायला लागतात. आणि आपण— दोन पावलं बाजूला सरकलो होतो. फक्त दोन. ही बाई आपल्यासोबत नाही असं दिसावं एवढीच. आईने वळून पाहिलं, ते अंतर पाहिलं, आणि हातातला चमचा पर्समध्ये ठेवला. बसमध्ये तिने आपल्याला खिडकीची जागा दिली. त्या पोराचं पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. कळतच नाही. इतकी वर्षं मला वाटायचं आईला स्वतःच्या बरोबर असण्याची सवय लागली आहे, म्हणून ती अशी घुसते...

फाटकापाशी बरेच पालक होते. ती कडेला झाडाखाली उभी राहिली, पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि कार्ड धरलेल्या मुलीसारखीच आपण दिसत असणार हे जाणवून तिने हात खाली केले. घंटा झाली. दार उघडलं आणि चेहरे बाहेर आले.

इतके चेहरे... अकरा वर्षं ती मुलांचे चेहरे बघत आली, पण एकेक, स्थिर, आणि पुसून घेता येण्यासारखे. हे हलत होते. एकाच्या नाकाखाली पिवळट खपली. एकीच्या ओठांचे दोन्ही कोपरे चिरलेले. एक मुलगा तोंड उघडं टाकूनच श्वास घेत चालला होता, गळा दोन्हीकडून भरलेला. एकीच्या एका डोळ्याखाली सूज, नुकतीच आलेली की जन्माची? तिने नजर खाली घेतली, पुन्हा वर केली, थांबेना. प्रत्येक चेहरा काही तरी सांगत होता आणि तिला त्यातलं अर्धंच कळत होतं, आणि अर्धं कळणं हे काहीच न कळण्यापेक्षा भयंकर होतं. आईला रोज हे दिसायचं. भाजीच्या दुकानात, जिन्यात, लग्नाच्या फोटोत. घरी येऊन ती गप्प बसायची ती दमल्यामुळे नव्हे.

आणि एकतीस नंबर? तिच्या लक्षात आलं की आपल्याला ती मुलगी ओळखू येणार नाही. लाल आता उतरला असेल, वर्तुळ भरून आलं असेल आपोआप, तिने ब्रशने भरलं होतं तसंच. आता ती त्या सुधारलेल्या फोटोसारखी दिसत असेल. छान, हसरी, सगळीकडे सारखी.

म्हणून तिने चेहरे सोडले आणि हात बघायला लागली. दप्तराचे पट्टे धरलेले हात, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी बोटाला धरलेली बोटं. हात, हात... आणि मग एक हात, तोंडाशी नेलेला. मुलगी फाटकाच्या आत उभी राहून अंगठ्याच्या टोकाचं साल दातांनी ओढत होती, तल्लीन होऊन. सालाखालची कातडी नवी, गुलाबी.

"तोंडातून काढ हात," एक बाई म्हणाली, आणि मुलीच्या खांद्यावरून दप्तर उतरवून घेतलं. साधी, घाईतली बाई; कपाळावर घाम, हातात पिशवी. "उद्याच्या उद्या नखं कापते बघ तुझी. चल."

दुपारपासून भीती होती ती आपण चुकत असू याची, आपलं हसं होईल याची. ती भीती कुठे गेली कळलंच नाही; तिच्या जागी दुसरी उभी होती, जास्त थंड, आणि तिला आईच्या पर्सचा वास होता.

ती झाडाखालून निघाली. पाकीट उघडलं. बाईने तिच्याकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, आणि फोटोवाल्या का तुम्ही, असं काहीसं विचारत ओळखीचं हसली. आता ही फोटो उजेडात धरेल. खूप वेळ धरेल. आणि मग विचारेल... तिला तो प्रश्न आधीच ऐकू येत होता, शब्दन् शब्द, आईच्या शेवटच्या त्या 'ना'सकट. मुलगी मान वर करून तिच्याकडे बघत होती, तोंड किंचित उघडं. तिच्या डाव्या हातात पाकीट होतं; उजव्या हाताचा अंगठा, कुणी न सांगता, वाकला होता. मध्ये अजून दोन पावलं होती.